तू जा, आम्ही आवरतो

३ मार्च १९८७, मंगळवार

नवी वही काढली. जुनीवर माझ्या मांजरीने, पुडिंगने, कॉफी लवंडली आणि वर त्यातच फतकल मारून बसली. फेब्रुवारीची शेवटची पानं गेली. फार काही गेलं नाही म्हणा, बर्फ पडत होता एवढंच त्यात होतं.

चर्चच्या तळघरात आज नवी गोधडी चौकटीवर ताणली. पास्टरांच्या घरी द्यायची आहे, म्हणजे येणारंजाणारं गाव ती बघणार. आम्ही चौघी. लवॉन पुढारी, कारण चौकट तिच्या सासूची. ट्विला तिची सावली. बर्नीस माझ्या डाव्या हाताला. लवॉनने मला खिडकीचा कोपरा दिला. "तुला उजेड लागतो ना, ऑर्फा. आम्ही काय, अंधारातही शिवू." जीभ तिखट आहे तिची, पण पोटात काही नसतं.

मला शिवण कुणी शिकवलं नाही. आई लवकर गेली. पिठाच्या पोत्यांचं फुलाफुलांचं कापड यायचं, त्याचे तुकडे जोडत जोडत माझी मीच शिकले. त्यामुळे लवॉनचा टाका मोहरीएवढा आणि माझा गव्हाएवढा. आज तर गव्हाचंही नाव घ्यायला नको, मक्याएवढे पडले. सुईत दोरा ओवायलासुद्धा बर्नीसच लागली.

चार वाजले तशी लवॉन म्हणाली, "ऑर्फा, तू जा गं. मांजरं वाट बघत असतील. आम्ही आवरतो." भल्या बायका. म्हातारीला कप विसळायलाही थांबवत नाहीत.

डीकन दारातच होता. काळा कुळकुळीत बोका, गळ्याशी पांढरी पट्टी, चर्चमध्ये पास्टरांच्या हाताखाली डीकन असतो त्याच्या कॉलरसारखी, म्हणून हे नाव. पट्टी हल्ली पिवळट दिसते. अंघोळ घालायला हवी, पण पाणी बघितलं की तो घर डोक्यावर घेतो. आणि म्हातारा झालाय आता, मागचे पाय धरतात त्याचे.

१० मार्च, मंगळवार

आज नवलच झालं. माझ्या कोपऱ्यात जाऊन बसले, बोट फिरवलं, तर गेल्या खेपेचे टाके बारीक! नुसते बारीक नाहीत, मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ. मीच घातले का हे? मोठ्याने विचारलंसुद्धा.

"मग कुणी? तुझ्या बोक्याने?" लवॉन म्हणाली.

मी म्हटलं, अगं पण त्या दिवशी मला मोठे वाटले होते. त्यावर ट्विला म्हणाली, "चौकटीवर ताणून राहिले की बसतात ते. लोणचं मुरतं ना, तसे मुरतात." आणि सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. बर्नीस तेवढी सुई शोधायला खाली वाकली होती, तिला बराच वेळ सुई सापडली नाही.

टाके मुरतात हे मला ठाऊक नव्हतं. शिकवायला कुणी नसलं की अशा साध्या गोष्टी राहून जातात.

२९ मार्च, रविवार

माझी नात ब्रिटा आली होती ओमाहाहून. बोटात अंगठी! सप्टेंबरात लग्न. मुलगा विम्याच्या कचेरीत आहे, दात चांगले आहेत. मी रडले, ती हसली, पुडिंग अंगठीशी खेळायला लागली.

मग दोघींनी देवदाराची पेटी उघडली. तिच्या आईचे, माझ्या लेकीचे, आस्ट्रिडचे झगे. बर्फावरून गाडी घसरली आणि आस्ट्रिड गेली तेव्हा ब्रिटा चार वर्षांची होती. लहानपणी ती या पेटीत डोकं घालून बसायची, वास घेत. वास कधीच गेला, पण आजही तिने डोकं घातलंच.

या झग्यांची गोधडी ब्रिटाच्या लग्नात द्यायची, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. आणि हेही, की हात तेवढा तयार होईपर्यंत कात्री लावायची नाही. कापड पुन्हा मिळतं, आस्ट्रिडच्या अंगावरचं कुठून मिळणार?

ब्रिटा म्हणाली, "आजी, बाकी सगळे काप, पण निळा ठेव. लग्नाच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला मी तो घालणार आहे." निळा म्हणजे जत्रेतल्या फोटोत आस्ट्रिडच्या अंगात आहे तो, कडेवर ब्रिटा आहे त्या फोटोत. मी म्हटलं, त्याला हात लावणार नाही, वचन.

जाताना तिने आठवण करून दिली, एप्रिलात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला ती येणार आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू म्हणतो तो.

३१ मार्च, मंगळवार

फार लाज वाटली आज. नेहमीसारखं लवॉनने मला लवकर घरी पाठवलं, पण अर्ध्या वाटेत लक्षात आलं, वेलदोड्याच्या गोड पावांचं ताट खालीच राहिलं. परत गेले. तिघी माझ्या कोपऱ्यावर वाकलेल्या, हातात बारीक कात्र्या. मला पाहून ट्विलाने तर कात्री पदरात लपवावी तशी ॲप्रनखाली घातली.

"काय गं झालं?" मी विचारलं.

लवॉन म्हणाली, "काही नाही, तुझ्या मांजरांचे केस निवडतोय. शिवणात अडकतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस या बिचाऱ्या माझ्या माघारी केस वेचतात आणि तोंडाने चकार शब्द नाही! मी म्हटलं, मला सांगायचं ना, मी कोट झटकून आले असते. "छे गं," लवॉन म्हणाली, "आम्हाला सवय झालीय." बर्नीस माझ्याकडे बघत नव्हती. तिलाच केसांचा त्रास होत असेल, तिचं नाक हळवं आहे.

घरी येऊन दोन्ही मांजरांना ब्रशने घासून काढलं. डीकनने हात ओरबाडला.

७ एप्रिल, मंगळवार

कोपरा पुन्हा सुरेख मुरलाय. लवॉनने ट्विलाला हाक मारून दाखवला. "बघ, देवाने ऑर्फाला नवा हात दिला." मी वर बघून आभार मानले. ट्विलाला ठसका लागला.

घरी येताना विचार केला. डोळे अधू असलेल्या बाईला असे टाके घालता येतील का? डॉक्टरांना काय, कापायची हौस. फोन करून वेळ रद्द केली. तिथली पोरगी म्हणाली, "नक्की ना आजी? पुढची वेळ लवकर मिळणार नाही." मी म्हटलं, माझे टाके येऊन बघ, मग बोल.

ब्रिटाला कळवलं, डॉक्टर म्हणाले घाई नाही. खोटं बोलले थोडं. तिच्यामागे लग्नाची कामं आहेत.

२१ एप्रिल, मंगळवार

आज तळघरात सांगून टाकलं, आस्ट्रिडचे झगे कापायला घेते. हात तयार आहे.

सगळ्यांच्या सुया थांबल्या. मग लवॉन म्हणाली, "घे की. आम्ही कोण अडवणार?" आणि ट्विलाकडे बघितलं.

बर्नीस मात्र माझ्या मागे जिन्यापर्यंत आली. "ऑर्फा, घरी एकटीने नको करूस. इथे आण, चौकटीवर लावू, आपण सगळ्या मिळून शिवू."

"का? माझ्याने होणार नाही?"

"होईल गं. पण... इथे उजेड चांगला आहे."

"उजेड माझ्या घरीही आहे."

"ऑर्फा, ऐक माझं, कापू नकोस. निदान डोळे दाखवून ये आधी."

मला राग आला. इतकी वर्षं माझा दोरा ओवून दिला, आता माझा हात तिच्यापुढे गेला तर सोसवत नाही. म्हटलं, "बर्नीस, तुला लेक झाली असती तर तुला कळलं असतं."

 ती कठडा धरून उभी राहिली आणि मग खाली गेली. दुखलं असेल तिला. पण मत्सर वेळीच खुडलेला बरा.

९ मे, शनिवार

पहिला घाव फार जड गेला. पिवळा उन्हाळी झगा, मग लाल ठिपक्यांचा, मग शाळेतला हिरवा. एकात एक गुंतलेल्या अंगठ्यांचा नमुना घेतलाय, लग्नाला तोच शोभतो. गोल कापायचं म्हणजे कौशल्य. डीकन कापडावर बसून राहिला, त्याच्याभोवतीनेच कापलं.

अंगठ्या उठून दिसायला काहीतरी गडद हवं होतं. आस्ट्रिडचा गायनमंडळातला काळा झगा घेतला. निळा बाजूला, कागदात गुंडाळून खणात. दोन्ही एकाच शिंपिणीकडचे, दोघांनाही मोत्याची बटणं, म्हणून खिडकीशी नेऊन दोनदा पाहिलं. वचन ते वचन. काळ्यावर उन्हात जराशी निळी झाक मारत होती. जुना काळा असाच विटतो.

बटणं वाया घालवली नाहीत, अंगठ्यांच्या मधोमध लावणार.

१८ जुलै, शनिवार

उकाडा. मका डोक्यावर गेलाय. तळघराला सुट्टी, पास्टरांची गोधडी झाली, सगळ्यांनी नावाजली. मी घरी आस्ट्रिडशी बोलत शिवते. पुडिंग रिळं पळवते, डीकन मांडीवर. काळा दोरा शोधता शोधता नाकी नऊ आले. मग लक्षात आलं, त्याच्या शेपटीवर पडला होता.

टाके बोटाला जरा खडबडीत लागतात. उन्हाने बोटं सुजतात माझी, म्हणून असेल. शिवाय अजून मुरायचे आहेत. घरात चौकट नाही, म्हणून चार खुर्च्यांना बांधून ताणून ठेवलीय.

२५ ऑगस्ट, मंगळवार

ब्रिटाचा फोन. निळा झगा घट्ट झाला तर सैल करायला वेळ हवा, पाठवून दे म्हणाली. मी म्हटलं, तू अगदी आईच्या अंगाची आहेस, केळवणाला घेऊनच येते, इस्त्री करून. मला तिचा चेहरा बघायचाय.

लवॉनही येऊन गेली. केळवण चर्चच्या हिरवळीवर करू म्हणाली, आणि एक जुनी गंमत सुचवली. तिच्या आजीच्या वेळी गोधडी पुरी झाली की गावातल्या लग्नाच्या मुली तिच्या कडा धरून उभ्या राहायच्या. मधे मांजर टाकायचं आणि गोधडी झटकायची. मांजर जिच्या बाजूने उडी मारून पळेल तिचं लग्न पुढचं. "तुझ्याइतकी शहाणी मांजरं कुणाकडे आहेत, ऑर्फा?"

मला बरं वाटलं. माझी गोधडी, माझं मांजर. पुडिंगला नेईन, ती अंगाने हलकी आहे.

१२ सप्टेंबर, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन, असं झालंच नाही.

सकाळी पुडिंग पळाली, कोठाराखाली जाऊन बसली. शेवटी डीकनला टोपलीत घातलं. तो बिचारा आपणहून चढला.

हिरवळीवर ऊन लख्ख. ब्रिटाच्या मैत्रिणी, तिची होणारी सासू, आमच्या तळघराच्या बायका. मी गोधडी उलगडली. कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. ब्रिटाने मला मिठी मारली, मग गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा बघायला लागली. हा पिवळा, हा ठिपक्यांचा. मग तिचं बोट थांबलं.

"आजी, हा कुठला?"

"तो काळा, बाळ. गायनमंडळातला."

"आजी, हा निळा आहे."

"छे. निळा हा बघ." मी पिशवीतून काढून दिला, कडक इस्त्री केलेला.

तिने तो उन्हात धरला. तिची सासू खोकली. लवॉन म्हणाली, "लग्नाला काळा? नवीन पद्धत दिसते." ब्रिटाने झगा घडी करून गवतावर ठेवला. मोत्याच्या बटणावर बोट फिरवत राहिली. मी म्हटलं, अगं नीट बघ, उन्हाने डोळे दिपतात. तिने माझ्याकडे पाहिलं. तसं ती माझ्याकडे कधी पाहत नाही.

"चला, मांजर टाका!" ट्विला ओरडली. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं म्हणून असेल.

मुलींनी कडा धरल्या. नवरीने धरायची नसते, पण ब्रिटानेही धरली. डीकनला मधे ठेवलं. तो बसला, अंग चाटायला लागला. सगळ्या हसल्या. पहिला झटका हलका होता. डीकनने उडी मारायला पाहिलं आणि त्याचा पंजा टाक्यात अडकला. पुढचाही, मागचाही. तो ओढायला लागला तसा दोरा आणखी वर येत गेला. मुलींना वाटलं तो नाचतोय. "अजून! अजून!" मी म्हणत होते थांबा, पण हसण्यात ऐकू कसं जाणार?

ब्रिटा हसत नव्हती. ओठ मिटून झटकत होती, जोरजोरात, जसा धुळीचा गालिचा झटकावा. एकदा तर तो तिच्या डोक्याच्या वर गेला आणि खाली येताना एका पायावर लटकला. मग कापड टर्रकन फाटलं, त्या गडद तुकड्यावरच, आणि तो गवतावर पडला. लग्नाच्या गडबडीत पोरीला भान राहिलं नाही.

तो ओरडला नाही. तेच वाईट होतं.

एक मुलगी टाके बघत म्हणाली, "बाई गं, केवढे हे! झोपेत पायाची बोटं अडकायची." आणि लवॉन म्हणाली, "काय करणार, ही एकच आमच्या कात्रीखालून गेली नाही."

"लवॉन, गप्प बस," बर्नीस म्हणाली. तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी प्रथमच ऐकलं.

बर्नीसनेच गाडी काढली. गुरांच्या डॉक्टरकडे जाताना डीकन माझ्या मांडीवर, त्या फाटक्या गोधडीत. मी विचारलं, "कात्री म्हणजे काय गं?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझे टाके, ऑर्फा. दर मंगळवारी. तू गेलीस की."

"केस वेचायच्या ना तुम्ही?"

"नव्हते गं केस."

"आणि परत कोण घालायचं?"

"मीच. तुझ्या शेजारची जागा माझी." वळण घेऊन म्हणाली, "लवॉन म्हणायची, ऑर्फाला घरी बसवू. मी म्हटलं, नको, तिला दुसरं आहे कोण, मी उसवून शिवत जाईन. मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय."

मला तिला काही टाकून बोलायचं होतं. पण तिला लागेल असं एकच वाक्य माझ्याकडे होतं आणि ते मी एप्रिलातच वापरून बसले होते.

डॉक्टर म्हणाला, मागचा एक पाय गेला, त्याच्यावर तो पुन्हा उभा राहणार नाही. बाकी जगेल.

२० सप्टेंबर, रविवार

काल लग्न झालं. शुक्रवारच्या जेवणाला ब्रिटाने दुकानातला झगा घातला होता. मला तो राखाडी दिसला, मी काही म्हटलं नाही. फोटोत मला पहिल्या रांगेत बसवलं.

गोधडी शिवून आणली होती, फाटलेलं जोडून. निघताना दिली. तिने वरून हात फिरवला. "तुझ्याकडेच राहू दे, आजी. तुला थंडी वाजते." गाल टेकवला आणि गाडीत बसली. डीकनचं तिने विचारलं नाही. घाईत होती.

६ ऑक्टोबर, मंगळवार

तळघर पुन्हा सुरू. जाऊ की नको करत कोट दोनदा काढला, दोनदा घातला. शेवटी गेले. आणखी कुठे जाणार?

लवॉनने पुढे येऊन मिठी मारली. "बोका कसा आहे?" म्हटलं, बरा आहे, फरफटतो. खिडकीचा कोपरा रिकामा ठेवला होता. बर्नीसने न सांगता दोरा ओवून दिला. मी शिवायला बसले. कॉफी, ट्विलाच्या जावयाच्या तक्रारी, सगळं पहिल्यासारखं. बोट फिरवलं तर कळत होतं, गव्हाचे दाणे. मुरत बिरत काही नाही.

चार वाजले. लवॉनने घड्याळाकडे पाहिलं, ट्विलाने पाहिलं. बर्नीस मान खाली घालून बसली. तोंड उघडायची सगळ्यांनाच पंचाईत.

शेवटी मीच उठले. म्हटलं, "मी जाते. मांजरं वाट बघत असतील. तुम्ही आवरा."

जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचले तेव्हा कात्रीचा आवाज आला.

घरी आले. बर्नीसने सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरला फोन केला होता, मार्चमध्ये जागा आहे म्हणे. त्यानंतर निळं निळं दिसेल आणि काळं काळं. मी तिला म्हटलं, मला घाई नाही.

डीकन आता दारापर्यंत येत नाही. गोधडी पलंगावर अंथरली आहे, तो तिच्यावरच पडून असतो, नेमका त्या जोडलेल्या तुकड्यावर. झग्याचं कापड कुठे संपतं आणि बोका कुठे सुरू होतो, ते मला दिसत नाही. हात लावून बघते. जे कोमट लागतं तो डीकन.